परतीच्या लाँचपासून मागे मोजावा दिवस

लहान मुलांना घेऊन एका दिवसात मुंबई करून यायचं, असं उरणजवळच्या करंजातल्या घरात ठरलं की बेत बहुधा मुंबईच्या बाजूने मांडला जातो. गेटवे, तिथून जवळचं वस्तुसंग्रहालय, मग राणीची बाग, वाटेत महालक्ष्मी, संध्याकाळी चौपाटी आणि दिवे लागल्यावर परत. ही यादी करणारी माणसं ती मनापासून मुलांसाठीच करत असतात. मुंबई समोर दिसते, तरी सगळ्यांनी मिळून जाणं वर्षातून एखाद-दोनदाच होतं. त्यामुळे ‘आलोच आहोत तर तेही बघून घेऊ’ हा विचार मनात येणं स्वाभाविक आहे. पण दोन ते सहा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत हाच विचार दिवस बिघडवतो. माझं म्हणणं असं, की इतक्या लहान मुलांचा शहरातला दिवस एकाच ठिकाणाचा असावा, आणि तो सकाळी निघण्याच्या वेळेपासून पुढे न आखता घरी पोचण्याच्या वेळेपासून मागे आखत न्यावा. करंजाच्या लोकांची परतीची वेळ बऱ्याच अंशी समुद्र ठरवतो, म्हणून हे इथे जास्तच लागू पडतं.

आधी मुलाजवळ दिवसाचे किती तास असतात त्याचा हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. दुपारची झोप यातच धरलेली आहे. याच सूचना सांगतात की या वयाच्या मुलाला बाबागाडीत किंवा तशाच जखडलेल्या स्थितीत सलग तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये, आणि दिवसभरात मिळून किमान तीन तास तरी त्याची हालचाल, खेळणं, धावणं झालं पाहिजे. आता करंजातलं साडेसहाला उठलेलं तीन वर्षांचं मूल घ्या. दुपारी एकच्या सुमारास त्याचे डोळे मिटायला लागतात. म्हणजे हातात साडेसहा तास. त्यातले आंघोळ-न्याहारीचे काढा, रिक्षाने उरणमधून मोरा बंदरापर्यंत जाण्याचे काढा, लाँचचे आणि पलीकडच्या टॅक्सीचे काढा. मुंबईत पाय टेकल्यावर उरतात फार तर अडीच तास. एवढंच भांडवल. त्यात चार ठिकाणं कोंबली की दर ठिकाणी जाण्यायेण्यात, रांगेत आणि टॅक्सीत बसण्यात ते संपतं, आणि बघायचा वेळ राहतच नाही. दुपारी तीन वाजता भर रस्त्यात बसकण मारून रडणाऱ्या मुलाला आपण हट्टी म्हणतो. प्रत्यक्षात त्याची झोपेची वेळ दोन तासांपूर्वीच टळलेली असते.

थकवा फक्त पायांचा नसतो. बोस्टनच्या कलासंग्रहालयात काम करणारे बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये ‘संग्रहालयातला थकवा’ या विषयावर एक लेख लिहिला होता. कपाटातल्या वस्तू पाहताना माणसाला किती वाकावं, वळावं, डोळे ताणावे लागतात, हे त्यांनी छायाचित्रं काढून दाखवलं होतं. ती धडधाकट मोठी माणसं होती. तीन फूट उंचीच्या मुलाला गर्दीत पुढच्याच्या कमरेपलीकडचं काही दिसत नाही, त्याला उचलून घ्यावं लागतं, आणि उचलून घेणाऱ्याचे हात अर्ध्या तासात भरून येतात. मग कुटुंबातलं कोणीतरी चिडतं. असल्या दिवशी घरात जी भांडणं होतात, त्यांतली बरीचशी एकमेकांवरच्या रागाने होत नाहीत, यादी लांबल्यामुळे होतात.

आणखी एक अभ्यास इथे फार उपयोगी आहे. जॉन फॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये शाळेच्या सहलींवर केलेल्या संशोधनात असं दिसलं, की मुलांना पूर्णपणे अनोळखी जागी नेलं तर त्यांचं लक्ष ती जागा समजून घेण्यातच गुंतून पडतं आणि जे दाखवायला नेलं ते बाजूला राहतं. पुढे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात नेलेल्या मुलांबाबत त्यांना असंही आढळलं, की कुठून आत जायचं, कुठे खायचं, काय काय दिसेल हे ज्यांना आधी सांगून ठेवलं होतं, ती मुलं तिथून जास्त काही घेऊन परतली. ही मुलं शाळकरी होती, आपली त्याहून लहान. तेव्हा नवलाईचा भार आपल्या मुलांवर जास्तच पडणार. कोळीवाड्यात वाढणाऱ्या मुलाला होडी, धक्का, मासळीच्या टोपल्या, समुद्राचा वारा यांचं अप्रूप नसतं. ते त्याच्या अंगणातलंच आहे. त्याला नवी असते ती टॅक्सींची रांग, सहापदरी रस्ता, उंच इमारती आणि अनोळखी माणसांची दाटी. म्हणून करंजाच्या मुलासाठी लाँचचा पाऊण-एक तास हा वाया गेलेला वेळ समजू नये. शहरात शिरण्याआधी आणि शहरातून सुटल्यावर ते मूल ओळखीच्या जगात असतं, आणि तिथे त्याला विसावा मिळतो. पलीकडे मात्र एकच नवी गोष्ट त्याच्यापुढे ठेवावी. पाच नव्या गोष्टी एकदम ठेवल्या तर ते एकही धड पाहत नाही.

ती एक गोष्ट कोणती? माझं उत्तर राणीची बाग. मोऱ्याची लाँच माझगावच्या भाऊच्या धक्क्याला लागते. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या धक्क्यापासून भायखळ्याची बाग टॅक्सीने तीन-चार किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे लाँचमधून उतरल्यावर मुलाला पुन्हा तासभर कोंबून बसवावं लागत नाही. १८६२ मध्ये व्हिक्टोरिया गार्डन म्हणून खुली झालेली, आज वीरमाता जिजाबाई भोसले यांच्या नावाने असलेली ही बाग मुळात वनस्पतींची आहे. तीन हजारांहून अधिक झाडं, त्यांत गोरखचिंचेसारखी अवाढव्य खोडाची झाडं, आणि त्यांची दाट सावली. भर मुंबईत लहान मुलाचा हात सोडता येईल, ते चार पावलं धावेल आणि मागून हॉर्न वाजणार नाही, अशा जागा किती आहेत? पेंग्विन आहेतच. सोलहून २०१६ मध्ये आणलेले हम्बोल्ट जातीचे हे पक्षी मार्च २०१७ पासून लोकांना पाहायला मिळू लागले, आणि त्याच वर्षी प्रवेशाचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झालं. मात्र आई-वडील आणि दोन मुलं अशा चौघांसाठी शंभर रुपयांचं एकत्रित तिकीट ठेवलं गेलं. दर पुढे बदलू शकतात, तेव्हा निघण्याआधी पाहून घ्यावेत. बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुटी आली तर ती उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. ही साधी गोष्ट न पाहिल्याने बंद दारावरून मुलाला परत आणावं लागलं तर त्या दिवसाचं काही खरं नसतं.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं. लहान मुलाला घेऊन आतली दालनं पाहण्याचा आग्रह मी धरणार नाही. पण बाहेरच्या आवारात एक दगडी हत्ती आहे, तो मात्र उरण तालुक्यातल्या प्रत्येक मुलाला दाखवावा. तो आपल्या तालुक्यातला आहे. घारापुरी बेटाच्या किनाऱ्याजवळ तो शतकानुशतकं उभा होता आणि त्यालाच पाहून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १९व्या शतकात तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना पडून फुटला. मग त्याचे तुकडे भायखळ्याच्या या बागेत आले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोडून त्याला पुन्हा उभं केलं. मोऱ्याहून निघालेल्या लाँचच्या उजव्या अंगाला घारापुरीचे डोंगर दिसतात. ‘त्या बेटावरचा एक हत्ती मुंबईला गेलाय, आपण त्याला बघायला चाललोय’ एवढं लाँचमध्ये सांगितलं, तर चार वर्षांच्या मुलाला अख्ख्या सकाळीला पुरेल असं काम मिळतं. मुलाला आधी सांगून ठेवण्याचा जो फायदा त्या अभ्यासात दिसला, तो इथे फुकट हाताशी आहे.

आता परतीकडे येऊ, कारण बेताची खरी सुरुवात तिथूनच करायची आहे. मोरा बंदरात गाळ साचतो, आणि मोठ्या ओहोटीला पाणी इतकं उतरतं की लाँच धक्क्याला लागू शकत नाही; मग काही तास वाहतूक बंद ठेवावी लागते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत हे हमखास होतं. करंजातल्या जाणत्या माणसांना भरतीचा हिशेब शिकवायला नको. तिथीचा आकडा पाऊणपट करायचा, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते : चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. जाळं टाकायला जाताना जो हिशेब घरात रोज होतो, तो मुलांना मुंबईला नेताना मात्र कोणी करत नाही. पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आगेमागे आणि मोठी ओहोटी संध्याकाळी पाच-सहाला येते. म्हणजे चौपाटीवर सूर्यास्त पाहून परतायचा बेत असेल, तर झोपेने पेंगुळलेलं मूल खांद्यावर घेऊन भाऊच्या धक्क्यावर पाणी चढण्याची वाट पाहावी लागणार. त्यापुढच्या दोन-तीन दिवसांत ओहोटी सकाळी सात-आठवर येते आणि जाण्याचीच अडचण होते. याउलट अष्टमी-नवमीच्या भांगाच्या दिवसांत पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही. लहान मुलांना न्यायला हे दिवस सगळ्यात बरे. पौर्णिमेलाच जायचं झालं, तर सकाळी जाऊन दुपारी तीनच्या आत मोऱ्याला परत, एवढं पाळलं तरी पुरे. निघायच्या दिवशी बंदरावर फोन करून किंवा कोणाला तरी विचारून खात्री करून घ्यावी. ढोबळ हिशेब दिवस निवडायला असतो, लाँच पकडायला नाही.

मागे मोजत गेलं की वेळापत्रक आपोआप उभं राहतं. दुपारी अडीच-तीनला घरी पोचायचं, तर सव्वाएकच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावर असलं पाहिजे. म्हणजे साडेबारा-पाऊण वाजता बागेतून बाहेर. बाग सकाळी साडेनऊच्या सुमारास उघडते, तेव्हा पहिल्या तासात पोचलं तर गर्दीही कमी आणि प्राणीही जागे. परतीच्या लाँचमध्ये वाऱ्यावर मूल झोपून जातं, आणि त्याची दुपारची झोप चुकत नाही. जेवण बागेतून निघताना करावं की लाँचमध्ये, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या मुलावर सोडावा. बरोबर तांदळाची भाकरी, दशमी, उकडलेली अंडी, केळी असं सवयीचंच न्यावं, कारण दिवसभर डोळ्यांना नवं आणि पोटालाही नवं हे मुलाला झेपत नाही. बागेत काय नेता येतं ते दारावर विचारून घ्यावं. आणि लघवीसाठी धक्क्यावर, बागेत, पुन्हा निघताना, मूल नको म्हणालं तरी थांबावं. लाँचमध्ये सोय असेल असं गृहीत धरू नये.

पाण्यावरून मुलांना न्यावंच कशाला, रेल्वे आहे की, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि दहाहून अधिक माणसं दगावली. त्या दुःखाच्या बातमीत करंजाचं नाव सगळ्या महाराष्ट्राने ऐकलं. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती अधिक काटेकोरपणे होऊ लागली. मुलासाठी मोठ्या माणसाचं जॅकेट कामाचं नाही, ते खांद्यांतून निसटतं. लहान मापाचं मागून घ्यावं आणि पट्टे स्वतः आवळून पाहावेत. लाँच भरलेली दिसली तर ती सोडून पुढची धरावी. तीन नंबरचा बावटा लागला असेल किंवा पावसाळ्यातलं पाणी खवळलेलं असेल, तर प्रश्नच नाही. अशा वेळी रेल्वे खरोखर उपयोगी पडते : खारकोपर-उरण मार्ग १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला, आणि आता उरणहून नेरुळ किंवा बेलापूरला येऊन हार्बरची गाडी धरता येते. रे रोड किंवा डॉकयार्ड रोडला उतरलं की बाग जवळच. पण या वाटेने वेळ जास्त जातो आणि मध्ये गाडी बदलावी लागते, हे ध्यानात घेऊन बागेतला वेळ अर्ध्या तासाने कमी धरावा. आणि हार्बरची गाडी कार्यालयांच्या गर्दीच्या वेळेत धरू नये. पाण्याची भीती टाळताना मुलाला दाराशी चेंगरू द्यायचं नसतं.

दुसरा आक्षेप पैशांचा आणि संधीचा. घरातल्या माणसांना सुटी क्वचित मिळते. मासेमारी करणाऱ्या घरांत तर जून-जुलैच्या बंदीतच पुरुष मोकळे असतात आणि तेव्हा पाऊस असतो. इतकं भाडं घालून, इतका खटाटोप करून एकच बाग बघून यायचं, हे अनेकांना परवडण्यासारखं वाटत नाही. मला हे म्हणणं समजतं. पण खर्चाचा हिशेब बघितलेल्या ठिकाणांवर करण्याऐवजी मुलाने जे खरोखर पाहिलं त्यावर करून बघावा. चार ठिकाणांच्या दिवसात टॅक्सी चार वेळा लागते, बाहेरचं जेवण दोनदा होतं, रडणाऱ्या मुलाला गप्प करायला खेळणी आणि आइस्क्रीम घ्यावं लागतं. एका ठिकाणाचा अर्धा दिवस त्याहून स्वस्त पडतो. वाचलेल्या पैशांत दोन-चार महिन्यांनी दुसरा अर्धा दिवस निघतो. वर्षाकाठी एक लांबलचक दिवस खर्चण्यापेक्षा दोन आटोपशीर सकाळी खर्चाव्यात, एवढाच बदल.

‘मुलांना दगदगीची सवय झालीच पाहिजे’ असंही म्हणणारे असतात, आणि कष्टाच्या घरांत हे म्हणणं मानाने ऐकावं लागतं. सवय लागते, पण ती पेलवेल एवढ्या ओझ्याने. झोप मोडून, उपाशी ठेवून, तासन् तास मांडीवर दाबून बसवून तीन वर्षांचं मूल कणखर होत नाही, पुढच्या वेळी मुंबईचं नाव काढलं की रडतं. मोबाइल हातात देऊन वेळ निभावता येतो हे खरं. पण जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा नकोच म्हणते आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास. शिवाय मोबाइलमध्ये मान खाली घातलेल्या मुलाला लाँचवरून न्हावा-शेवाच्या प्रचंड क्रेन, नांगरलेली जहाजं, मागे पडणारं मोरा बंदर यातलं काही दिसत नाही. हे सगळं दाखवायलाच तर निघालो होतो.

घरात आठ-दहा वर्षांचं थोरलं भावंड असेल, किंवा आजीला महालक्ष्मीला जायचं असेल, तर काय? सगळ्यांनी एकत्रच फिरलं पाहिजे हा हट्ट सोडला की वाट निघते. एका मोठ्या माणसाने थोरल्याला घेऊन वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जावं, जे १९८५ पासून अशाच वयाच्या मुलांसाठी आहे. कोणीतरी आजीला टॅक्सीने देवळात न्यावं. धाकट्याला आई किंवा काका बागेत फिरवतील. भेटायची जागा आणि वेळ एकच : भाऊचा धक्का, सव्वाएक. धाकटं मूल पाच-सहा वर्षांचं झालं की त्याच्याही वाट्याला पुढची ठिकाणं येतील. घारापुरीच्या सुमारे १२० पायऱ्या तेव्हा ते स्वतःच्या पायांनी चढेल. ती लेणी मात्र सोमवारी बंद असतात. गेटवेजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१९ पासून खास मुलांचं संग्रहालय आहे, तेही तोवर थांबायला तयार आहे.

पनवेल, खारघर, नेरुळच्या कुटुंबांसाठी हाच विचार उलट्या दिशेने करावा. तिथल्या मुलाला मॉल, टॅक्सी, उंच इमारती यांचं नवल नाही. त्याला नवं आहे ते पाणी आणि कोळीवाडा. लोकलने उरण, तिथून रिक्षाने करंजा, धक्क्यावर मासेमारीच्या होड्या बघायच्या आणि धरमतर खाडीच्या तोंडावरून लाँचने पंधरा-एक मिनिटांत रेवस. एवढ्यानेच सकाळ भरते. रेवसला पाय टेकले की ‘आलोच आहोत तर अलिबाग करू’ असं कोणीतरी म्हणतंच, कारण रस्ता समोर असतो. रेवस-करंजा पुलाचं काम हाती घेतलं आहे; तो झाला की हा मोह आणखी वाढेल आणि लाँच कितपत उरेल याची शंका आहे, म्हणून मुलांना ती आत्ताच दाखवावी. अलिबागला तासभर बसमध्ये बसवून नेलं, तर लाँचमध्ये खुललेलं मूल वाटेतच कोमेजतं. रेवसच्या धक्क्यावर थोडं थांबावं, बरोबरचं खावं आणि पुढच्या लाँचने करंजाला परतावं. उरणहून सुटणाऱ्या गाड्या हार्बरच्या मुख्य मार्गाइतक्या दाट नाहीत, तेव्हा उरणची कोणती गाडी धरायची ते सकाळीच ठरवावं, आणि रेवसहून कोणत्या लाँचने निघायचं ते त्या गाडीवरून.